राणीच्या धाकट्या दिराचं पुस्तक

हेर्दिसने न वाचलेलं पुस्तक अजून छापखान्यातून बाहेर पडलेलं नाही, असं ग्राउविक गावात सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः हेर्दिसच म्हणायची. पण इतक्या वेळा म्हणायची की बाकीच्यांनाही ते पाठ झालं होतं.

चाळीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात कॉडचे काटे काढले. निवृत्त झाल्यावर काटे काढायची ती सवय हातातून जिभेला लागली. रोज सकाळी सात वाजता गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात ती गळ्यापर्यंत बसायची. डोक्यावर बर्फाचा ढीग, खाली उकळतं पाणी आणि मध्ये तिचं तोंड. वारा तर असा, की कुत्रा ग्राउविकमध्ये भुंकला तर आवाज पलीकडच्या गावात पोचायचा आणि तिथलं कुत्रं उत्तर द्यायचं! अशा हवेत कुंडातली मंडळी दोन-दोन तास बसून जगाचा निकाल लावायची. आणि नाताळ झाला की पुस्तकांचा.

नाताळला घरोघर पुस्तकंच वाटली जातात तिथे. सत्तावीस तारखेपासून कुंडात चर्चा सुरू. हेर्दिसने "बरं आहे" म्हटलं की लेखक तरला. "छे" म्हटलं की दुपारपर्यंत ट्रिग्वीच्या सहकारी दुकानात ते पुस्तक बदलून घ्यायला रांग! अशी तिच्या शब्दाची किंमत. नवऱ्याचं गावात काही चालत नव्हतं, मुलगा शहरात गेला तो फोनही रविवारीच करायचा, पण हेर्दिसचा शब्द म्हणजे शब्द. तेवढंच एक तिचं स्वतःचं होतं म्हणा ना.

आता एक गोष्ट हळूच सांगते. 'खडकाआडची राणी' नावाची एक लांबलचक मालिका होती. खडकात राहणारे अदृश्य लोक, त्यांची राणी, तलवारी, शाप, आणि दर दहा पानांनी मुके. म्योल नावाच्या कुणा लेखिकेची. एकामागून एक सहा जाडजूड पुस्तकं आली, आणि दर वेळी शेजारीण स्वावाने कुंडात विचारलं, "राणीचं नवं वाचलंस का गं?" दर वेळी हेर्दिसने मान डोलावली. "वाचलंय. छान आहे." वाचलं नव्हतं हो! एकही नाही. पण हेर्दिसने न वाचलेलं पुस्तक असू शकत नाही म्हटल्यावर बिचारी करणार काय?

त्या नाताळला स्वावाने तिला सातवं पुस्तक दिलं. मूळ झाडाला फुटलेली फांदी होती ती. राणीची गोष्ट सहाव्यात संपली होती. हे होतं राणीच्या धाकट्या दिराचं, त्याच्या प्रेमाचं.

"दिराचं तर दिराचं," म्हणून हेर्दिस कोचावर आडवी झाली.

तिसऱ्या पानावर लग्न. आलेत चाळीस जण. ओळख कुणाचीच नाही. सगळे आसा नावाच्या कुणासाठी ढसाढसा रडतायत. आसा कोण? बहीण? गाय? काही पत्ता नाही. दिराला एकच हात. दुसरा कुठे गेला, ते चारशे पानांत कुणी विचारत नाही, तो सांगत नाही. मधूनच एक म्हातारा येतो आणि म्हणतो, "पुलावर काय झालं ते विसरलास?" दीर म्हणतो, "कसा विसरेन." संपलं! पूल कुठला, झालं काय, ते त्या दोघांना ठाऊक. न बोलावता दुसऱ्याच्या घरच्या लग्नाला जाऊन पंगतीत बसावं, आणि दोन्ही बाजूंनी लोकांनी आपल्या डोक्यावरून घरची भांडणं करावीत, तसं झालं तिला. आणि ती नवरी! पहिल्या भेटीतच म्हणते, "मी तुला ओळखलं." तिने ओळखलं, हेर्दिसने नाही ओळखलं ना!

सत्तावीसला सकाळी कुंड गच्च भरलं होतं. गुरांचा डॉक्टर कोल्बेन होता, चर्चची पाद्रीण एर्ला होती, दुकानवाला ट्रिग्वी होता. स्वावा नेहमीसारखी हेर्दिसच्या डाव्या हाताला. जाळी शिवायचं काम करायची ती. तिची बोटं पाण्यातसुद्धा काहीतरी गाठी मारत असल्यासारखी हलायची.

स्वावानेच विचारलं, "दिराचं कसं वाटलं?"

हेर्दिसने घसा साफ केला. पुढची वीस मिनिटं ती बोलत होती. आसावर बोलली, हातावर बोलली, पुलावर बोलली. "लिहिणारीला वाटतं," ती म्हणाली, "सगळं जग तिच्या घरात जन्मलंय. पाहुण्याला निदान खुर्ची तरी द्यावी! मी मासे सोलले तेव्हा त्यांच्या आतड्यांतसुद्धा याहून जास्त संगती होती."

कुंड हसलं. स्वावा म्हणाली, चुलीवर रस्सा ठेवलाय, आणि उठून गेली.

मग एर्ला हळू आवाजात म्हणाली की तिला शहरातल्या एका ओळखीच्या बाईकडून कळलंय: म्योल हे टोपणनाव आहे, आणि म्योलचं टपाल येतं ते ग्राउविकला.

 हेर्दिसने एकेकाचा चेहरा पाहिला. कोण लाल झालंय बघायला गेली तर गरम पाण्यात सगळेच लाल! कोल्बेन आभाळाकडे बघत होता. ट्रिग्वी नखं बघत होता. आणि एर्ला? चोरच आधी ओरडतो तसं नसेल कशावरून?

गावात लिहिण्याजोगे हेच तिघं, असं तिला वाटत होतं, पण तिची खरी काळजी वेगळीच होती. ही तीन माणसं म्हणजे या वर्षीची थोर्राब्लोटची समिती होती. जानेवारीच्या अखेरीस सगळं गाव समाजमंदिरात जमतं, आंबवलेला शार्क आणि मेंढीची मुंडकी खातं, आणि समिती नाटुकलं करते. वर्षभर कोण कुठे घसरलं, ते तिथे सगळ्यांसमोर येतं. आणि एकदा नाव पडलं की ते थडग्यापर्यंत जातं. हेर्दिसचा नवरा मुंडी वीस वर्षांपूर्वी एकदाच, फक्त एकदाच, ट्रॅक्टर घेऊन समुद्रात शिरला होता. अजून लहान पोरं त्याला पाणबुडी म्हणतात. हेर्दिसवर आजवर एक ओळ झाली नव्हती. आणि आता तिघांपैकी एकाची वर्षानुवर्षांची मेहनत तिने माशाच्या आतड्यांखाली नेऊन ठेवली होती.

दुपारी तिने पॅनकेक केले. पातळ, साखर भुरभुरवून गुंडाळलेले, तीन डबे. मुंडीने हात पुढे केला तर त्या हातावर चमचा मारला.

पहिला कोल्बेन. तो एका गोठ्यात होता, गाईत कोपरापर्यंत हात घालून. बरंच झालं, पळून जाणार कुठे? हेर्दिस गाईच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "कोल्बेन, मला सगळं कळलंय. पुस्तकाचं. मी बोलले ते मनावर घेऊ नकोस. लिहिणाऱ्याला काय कष्ट पडतात ते मला समजतं."

कोल्बेन पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं तुला?"

"कळतं माणसाला."

त्याचे डोळे भरून आले. गाईनेही मान वळवून पाहिलं. "बायकोलासुद्धा माहीत नाही गं," तो म्हणाला. मग त्याने हात धुतला, जीपच्या सीटखालून एक गठ्ठा काढला आणि लेकरू सोपवावं तसा तिच्या हातात दिला. नऊशे पानं. देशाचा हजार वर्षांचा इतिहास, एका मेंढ्याने सांगितलेला.

दीर नव्हता त्यात. राणी नव्हती. भलतंच पुस्तक होतं हे!

"वाचून सांग," कोल्बेन म्हणाला. "खरं सांग हं. कुंडात सांगतेस तसं."

म्हणजे कोल्बेन नव्हे. मग एर्ला. हेर्दिस दुसरा डबा घेऊन पाद्रीणबाईंच्या घरी गेली आणि तेच बोलली, शब्द न् शब्द. एर्लाने दार लावून घेतलं, पडदा ओढला, आणि पियानोच्या पोटातून वह्या काढल्या. खुनाची गोष्ट. पहिल्या पानावर एक बिशप मरतो, चाळिसाव्यावर दुसरा. पुढे देशातले बिशप संपतात तेव्हा बाहेरून मागवावे लागतात. "माझ्या मनात वाईट नाही कुणाबद्दल," एर्ला म्हणाली, पण म्हणताना तिचा चेहरा किती प्रसन्न होता!

राहिला ट्रिग्वी. त्याने गल्ल्याखालच्या कप्प्यातून कवितांची चवड काढली. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर एक. साबणावर, बॅटरीवर, वाळवलेल्या हॅडॉक माशावर. मेणबत्तीवर तर सात होत्या, कारण मेणबत्ती हा त्याचा जरा हळवा विषय होता.

हे असं आहे बघा. त्या देशात दोन माणसं भेटली की त्यांतल्या तिघांचं पुस्तक लिहून तयार असतं. हेर्दिस जन्मापासून तिथली, तिला हे कळायला हवं होतं. "मला तुझ्या पुस्तकाचं कळलंय" असं तिने तलावावरच्या शिट्टीवाल्याला म्हटलं असतं, तर त्यानेही पोहण्याच्या चड्डीतून काहीतरी काढलंच असतं.

दहा दिवस ती वाचत होती. मेंढा दुसऱ्या शतकातच अडकला होता. बिशप मोजता मोजता तिला झोप लागायची. आणि म्योल कोण ते कळायचं राहिलंच. पण आता तिघंही समितीत, तिघंही वाट बघत. खरं सांगावं तर थोर्राब्लोट समोर. शेवटी तिने एक वाक्य शोधलं: "गेल्या तीस वर्षांत मी असं काही वाचलं नाही." खोटं नव्हतं ते! कोल्बेनला गोठ्यात सांगितलं, एर्लाला चर्चच्या पायरीवर, ट्रिग्वीला हॅडॉकच्या पाकिटांआडून. कोल्बेनने तिला उचलून एक गिरकी दिली. एर्ला रडली. ट्रिग्वीने आठवी मेणबत्ती लिहायला घेतली.

आणि मग गुरुवारी सकाळी तिघंही एकाच वेळी कुंडात आले.

सुरुवात ट्रिग्वीने केली. म्हणाला, आता लपवण्यात अर्थ नाही, मी कविता लिहितो, आणि हेर्दिससारखी बाई म्हणाली की तीस वर्षांत तिने असं वाचलं नाही.

"हे तर मला म्हणाली," एर्ला म्हणाली.

कोल्बेनने दोघांकडे पाहिलं. "मेंढ्याबद्दल म्हणाली ती हे."

तिघांनी एकदमच मान वळवली. हेर्दिस पाण्याखाली गेली. दम होता तोवर तिथेच राहिली. वर आली तेव्हा कुंड रिकामं होतं आणि स्वावा एकटीच काठावर बसून तिच्याकडे बघत होती.

"तुला काय झालंय?" स्वावाने विचारलं. "पूर्वी तू खरं बोलायचीस."

हेर्दिसला ते गरम पाण्यातही थंड लागलं.

थोर्राब्लोटला दोनशे माणसं होती. शार्कचा वास असा, की भिंतीवरच्या जुन्या सरपंचांच्या तसबिरींनी नाकं फिरवली असतील. पडदा उघडला. तिघंही रंगमंचावर, तिघांच्याही डोक्यावर हेर्दिससारखी निळी लोकरी टोपी, हातात पॅनकेकचा डबा. कोल्बेनने टेलिफोनची डिरेक्टरी उघडली, दोन पानं वाचली, छातीशी धरली. "गेल्या तीस वर्षांत असं वाचलं नाही!" एर्लाने जंतांच्या औषधाची चिठ्ठी वाचली. डोळे पुसले. "गेल्या तीस वर्षांत असं वाचलं नाही!" ट्रिग्वीने ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक काढलं, तेही भिजलेलं, तेव्हा मुंडीसुद्धा हसला. लोक खुर्च्यांवरून घरंगळले. मागून कुणीतरी ओरडलं, "पॅनकेक हेर्दिस!" झालं. पडलं नाव.

हेर्दिस उठली. आता उरलंय काय राखायला, म्हणून सरळ रंगमंचावर चढली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता खरं ऐका. कोल्बेन, तुझा मेंढा बोलतो फार आणि चरत नाही. एर्ला, तुला सुट्टीची गरज आहे. ट्रिग्वी, बॅटरीची कविता चांगली आहे. बाकीची दुकानात ठेव, विकली गेली तर बघ." लोकांनी टेबलं बडवली. ते ऐकून तिला चेव आला. "आणि तो राणीचा धाकटा दीर! त्याच्यासारखं गचाळ पुस्तक मी बघितलं नाही. जी कोण म्योल असेल ती या खोलीत बसली असेल. तिलाही सांगते. बाई, माणसं जन्माला घालतेस तर त्यांची ओळख करून दे!"

टाळ्या! शिट्ट्या! कोल्बेननेही टोपी काढून वाकून नमस्कार केला. हेर्दिस राणीसारखी खाली उतरली आणि आपल्या खुर्चीवर बसली. शब्द परत मिळाला होता.

शेजारी स्वावाने सुरी ताटात ठेवली.

"चार वर्षं लागली मला ते लिहायला," ती म्हणाली.

गोंगाटात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. हेर्दिसला गेलं. मेंढीच्या मुंडक्याचा घास तिने तसाच गिळला.

"पहिल्या सहा वेळा तू म्हणालीस, वाचलंय, छान आहे," स्वावा म्हणाली. "दर वेळी मी घरी जाऊन केक केला. एकटीने खाल्ला. हेर्दिसला आवडलं म्हणून." मग तिने कोट उचलला. "आसा कोण ते तुला माहीत नाही. तिसऱ्या पुस्तकात ती पानोपानी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेर्दिसच्या दारात सहा पुस्तकं होती, जाळ्याच्या सुतळीने बांधलेली. गाठ अशी की सुरी आणावी लागली.

तीन आठवडे स्वावा बोलली नाही. कुंडात आली तर पलीकडच्या टोकाला बसली. इतकी वर्षं डावीकडून येणारा आवाज बंद झाला, तर हेर्दिसला त्या कानाने वारासुद्धा ऐकू येईना. घरी बसून ती वाचू लागली. फेब्रुवारीची वादळं घराला हलवत होती, बटाटे जळत होते, आणि हेर्दिस खडकाआड होती. राणी आवडली तिला. आसा ही राणीची दाई निघाली, फटकळ, खोटं न बोलणारी, हात कायम माशांच्या वासाचे. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ती गेली तेव्हा हेर्दिसने उशी ओली केली. मग बराच वेळ उशीकडेच बघत बसली.

पाचवं संपलं. सहाव्यासाठी हात घातला तर जागेवर नाही! मुंडीने उचललं होतं. जन्मात ज्याने भरती-ओहोटीच्या तक्त्याशिवाय काही वाचलं नाही, तो स्वयंपाकघरात बसून ओळीखाली बोट ठेवून वाचत होता, ओठ हलवत. तिने मागितलं, दिलं नाही. ओढलं, सोडलं नाही. "तू सगळं वाचलेलं असतंस," तो म्हणाला, "तुला कशाला हवंय?"

चार दिवस तिने वाट पाहिली. पण रोज स्वावा समोरून जायची, मान न वळवता, आणि हेर्दिसला राहवेना. तिने सातवं पुन्हा भराभर वाचलं आणि सोमवारी कुंडात जाऊन स्वावाच्या समोर बसली. सगळे होते. सगळ्यांनी पाण्यातले हात थांबवले.

"मी खोटं बोलले होते तुला," हेर्दिस म्हणाली. "सहा वेळा. वाचलं नव्हतं. आता वाचलं. राणी सुंदर आहे, स्वावा. आसासाठी मी रडले, मुंडीला विचार. तुझ्याइतकं चांगलं या गावात कुणी लिहीत नाही."

कोल्बेन खोकला.

"पण सातवं," हेर्दिस म्हणाली, "सातवं अजूनही वाईट आहे. आता माणसं ओळखीची आहेत, तरी तो दीर मला कळत नाही. हाताचं कळत नाही, पुलाचं कळत नाही. तू म्हणशील तर उद्यापासून मी दुसऱ्या वेळेला येईन. पण खोटं नाही बोलणार आता."

 स्वावाच्या टोपीवर बर्फ साचत होता.

"सहावं कसं वाटलं?" तिने विचारलं.

हेर्दिसचं तोंड उघडलं. "वाच" इथपर्यंत शब्द आलाही होता बाहेर. सगळं कुंड तिच्याकडे बघत होतं. तिने तो गिळला.

"सहावं मुंडीकडे आहे," ती म्हणाली. "देत नाही मेला."

स्वावाने तिच्याकडे पाहिलं. मग तिची हनुवटी हलायला लागली, मग खांदे, मग सगळं कुंड लाटांनी हिंदकळायला लागलं. ती इतकी हसली की टोपीवरचा बर्फ पाण्यात पडला. "अगं बाई," ती म्हणाली, "हात सहाव्यात. पूल सहाव्यात. दिराचं सगळं सहाव्यात आहे!" आणि सरकत सरकत येऊन ती हेर्दिसच्या डाव्या हाताला बसली. "वाच आणि मग ये. तेव्हा वाईट म्हणालीस तर मानेन."

हेर्दिस ओल्या केसांनीच घरी धावली. मुंडी टेबलाशी होता, पान एकशेबारावर. पुढे अजून आठशे पानं.

"मुंडी, अरे राजा," ती म्हणाली, "एक दिवसासाठी दे."

मुंडीने वर पाहिलं नाही. फक्त दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"गप्प बस," तो म्हणाला. "दीर आत्ताच आलाय."